आजीची ताकद परत आणायची, तर न्यायचे कुठे?

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका आजींना निमोनिया झाला. आठ दिवस त्या दवाखान्यात भरती होत्या आणि घरी आल्यावर पंधरा दिवस खाटेवर. ताप गेला, छातीचा फोटो स्वच्छ आला, औषधे बंद झाली. पण आजी काही उठेनात. दर पौर्णिमेला सगळ्यांच्या आधी विहारात येऊन सतरंज्या झटकणारी ही बाई आता संडासला जायचे तरी सुनेचा हात धरू लागली. घरात आणि शेजारीपाजारी एकच बोलणे सुरू झाले, "वय झालं आता, पडू द्या त्यांना निवांत."

दवाखान्याच्या कागदावर मात्र शेवटच्या ओळीत लिहिले होते: फिजिओथेरपी, आठवड्यातून तीन वेळा. सून चार घरची धुणीभांडी करते. सकाळी साडेसातला निघायचे, रिक्षा, मग रांग, केसपेपर, पुन्हा रांग, वीस मिनिटे व्यायाम आणि घरी यायला दुपारचा दीड. चार वेळा गेल्या. पाचव्या वेळी एका घरच्या मालकिणीने सुनेला सांगितले की उद्यापासून येऊ नकोस. मग जाणे थांबले. आजी घरी आल्या की इतक्या थकलेल्या असायच्या की त्या दिवशी जेवणही धड जात नसे.

अशी गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच घरांत घडलेली असेल. म्हणून या वेळी आरोग्य पानावर एकच प्रश्न घेतला आहे. खंगलेल्या म्हाताऱ्या माणसाला भरती न करता पुन्हा चालते-फिरते करायचे असेल, तर ते काम कुठे चांगले होते? मोठ्या दवाखान्यात, जवळच्या क्लिनिकात, घरी, की आणखी कुठे? डॉक्टर या कामाला पुनर्वसन म्हणतात. वस्तीत हा शब्द उच्चारला की बिल्डर आणि फोटोपासच आठवतात, पण इथे अर्थ निराळा आहे. आजारपणात गेलेली ताकद आणि रोजची कामे माणसाला परत मिळवून देणे, एवढाच तो अर्थ.

आधी ताकद जाते कुठे ते पाहू. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. त्यांना काही आजार नव्हता. तरी त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो मांस गेले. आपल्या आजी तर तेवीस दिवस पडून होत्या, त्यात ताप आणि तोंडाला चव नाही. म्हणजे "आराम करू द्या" हा प्रेमाने दिलेला सल्ला म्हाताऱ्या पायांना विषासारखा लागू होतो. आजार बरा होणे आणि ताकद परत येणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम आपोआप होत नाही, गोळीने होत नाही आणि सलाईनने तर मुळीच होत नाही.

घरच्या घरी कसे ओळखावे? वर्षभरात प्रयत्न न करता वजन उतरले, सारखा थकवा वाटतो, हाताची पकड सैल झाली, चाल मंदावली, बाहेर पडणे जवळजवळ बंद झाले. या पाचांपैकी तीन गोष्टी असतील तर डॉक्टर त्याला फ्रेल्टी म्हणतात. आपण सरळ खंगणे म्हणू. दुसरी एक सोपी पाहणी आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फूट, नेहमीच्या चालीने जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. काठी वापरत असतील तर काठीसकट. मोबाईलच्या घड्याळावर वेळ लावा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. आमची खोली दहा बाय दहाची, त्यातही कपाट आणि गॅस, म्हणून आम्ही ही पाहणी विहाराच्या ओट्यावर करतो. पाहणी करताना एकजण शेजारी उभा हवाच.

आता जागांविषयी.

मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातला फिजिओथेरपी विभाग ही आपल्या खिशाला परवडणारी जागा. मुंबईत केईएम, सायन आणि नायर इथे फिजिओथेरपीची महाविद्यालयेच आहेत. हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. नागपूरला मेडिकलमध्येही हा विभाग आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात मोडत नाहीत, पण तिथेही खर्च थोडाच असतो. केंद्राच्या वृद्धांसाठीच्या आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांची वेगळी ओपीडी आणि फिजिओथेरपीची सोय असावी असे ठरलेले आहे. तुमच्या जिल्ह्यात ती चालू आहे का, हे खिडकीवर जाऊन विचारा. विचारणारे वाढले की बंद दारे उघडतात.

या जागेचा खरा फायदा फिजिओच्या टेबलापुरता नसतो. एकाच आवारात हाडांचे डॉक्टर, मेंदूचे डॉक्टर, डोळ्यांचा विभाग, रक्ततपासणी सगळे मिळते. खंगलेल्या माणसाला बहुधा एकच दुखणे नसते. मोतीबिंदूमुळे पायरी दिसत नाही, रक्तदाबाच्या गोळीने उठल्याबरोबर चक्कर येते, झोपेच्या गोळीने सकाळभर पाय लटपटतात. हे कोणी एकत्र पाहिलेच नाही तर महिनाभर व्यायाम करून काय होणार? म्हणून सगळ्या गोळ्या, अगदी मेडिकलवाल्याने दिलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात आणि डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. "आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळा प्रेशर बघा" असे न लाजता म्हणावे.

तोटा काय, तो वर आलाच आहे. वीस मिनिटांच्या व्यायामासाठी पाच-सहा तास आणि सोबतच्या माणसाचा खाडा. म्हाताऱ्या माणसाची दिवसाची शक्ती मुळात मोजकी असते. ती प्रवासात आणि रांगेतच संपली तर व्यायामाला उरते काय? एका टेबलावर एकच फिजिओ आणि बाहेर पंचवीस माणसे, तेव्हा त्या बिचारीनेही किती समजावून सांगावे!

वस्तीजवळचे खासगी क्लिनिक ही दुसरी जागा. वेळ आपल्या सोयीची, संध्याकाळीही उघडे. पण दर खेपेला काही शे रुपये, आणि एक गोष्ट मला खटकते ती लिहितोच. बऱ्याच ठिकाणी पेशंटला झोपवून शेक देतात, करंटचे मशीन लावतात आणि अर्ध्या तासाने उठवतात. शेकाने दुखणे थोडे हलके होते, बरे वाटते, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण पायात ताकद शेकाने येत नाही. ताकद येते ती उठून, बसून, वजन उचलून, तोल सांभाळून. क्लिनिकात जायचेच असेल तर पहिल्याच दिवशी विचारा, "आईला उभं करून कोणते व्यायाम करवून घेणार?" उत्तर नीट मिळाले नाही तर पैसे जपून ठेवा. अंडी आणा.

तिसरी जागा म्हणजे घर. फिजिओ घरी येतो तेव्हा त्याला आपली खरी अडचण दिसते. मोरीचा उंबरा, पोटमाळ्याची लोखंडी शिडी, गल्लीतली सरकती लादी, सार्वजनिक संडासची पायरी आणि आत धरायला काही नाही. रुग्णालयातल्या गुळगुळीत फरशीवर दहा पावले चालता आले म्हणून गल्लीत चालता येईलच असे नाही. पण रोज घरी फिजिओ बोलावणे आपल्याला परवडत नाही, हेही तितकेच खरे. त्यावर तोड आहे, ती पुढे सांगतो.

परदेशात आणखी एक जागा असते, डे हॉस्पिटल. सकाळी गाडी घरून घेऊन जाते, दिवसभर डॉक्टर, नर्स, फिजिओ सगळे मिळून पाहतात, जेवण देतात, संध्याकाळी घरी सोडतात. त्यामागची कथा आपल्याला जवळची वाटेल. इंग्लंडमध्ये गरीब, निराधार म्हाताऱ्यांना पुअर लॉच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षे खाटेवर टाकून ठेवत. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे असे सातशेहून जास्त रुग्ण आले. त्यांनी एकेकाला नीट तपासले, खाटेवरून उठवले, चालवायला सुरुवात केली. ज्यांना सगळ्यांनी "आता संपलं" म्हणून सोडून दिले होते, त्यांतले कितीतरी घरी परत गेले. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राची सुरुवात अशी गरिबांच्या वॉर्डातून झाली. पुढे १९५८ मध्ये ऑक्सफर्डला डॉ. लायोनेल कॉसिन यांच्या पुढाकाराने खास इमारत बांधून डे हॉस्पिटल उघडले गेले आणि ही पद्धत तिकडे पसरली.

मग तिकडच्या लोकांनाही आपल्यासारखाच प्रश्न पडला. एवढा खर्च करून माणसाला तिथे न्यायचे, की फिजिओलाच घरी पाठवायचे? इंग्लंडमधल्या एका तुलनेचे निकाल २००९ साली आले. ८९ वृद्धांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली, काहींना डे हॉस्पिटल आणि काहींना घरीच पुनर्वसन. रोजची कामे करण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक आढळला नाही. माणसे कमी होती, त्यामुळे तो शेवटचा शब्द नव्हे. पण त्यानंतर २०१५ मध्ये अशा १६ चाचण्या, साडेतीन हजारांहून जास्त वृद्ध, एकत्र मांडून पाहिल्या तेव्हाही चित्र साधारण तेच दिसले. ज्यांना कुठलीच पद्धतशीर सेवा मिळाली नाही त्यांच्यापेक्षा डे हॉस्पिटलमध्ये जाणारे बरे राहिले. पण ज्यांना घरी किंवा दुसरीकडे नीट सेवा मिळत होती, त्यांच्यापेक्षा ते ठळकपणे पुढे गेले नाहीत.

माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी यातली कामाची गोष्ट ही, की काहीच न करणे आणि काहीतरी नीट करणे यांत फरक मोठा आहे, जागेजागेत तेवढा नाही. मोठ्या दवाखान्यात न्यायला जमत नाही म्हणून पुनर्वसनच सोडून देणे, ही आपण नेहमी करतो ती चूक. जी जागा तुम्हाला तीन-चार महिने न चुकता निभावता येईल ती चांगली.

याचा आणखी एक पुरावा न्यूझीलंडमधून येतो. तिथल्या ओटागो विद्यापीठात वृद्धांसाठी घरी करायच्या व्यायामांचा एक कार्यक्रम तयार झाला. फिजिओ किंवा प्रशिक्षण घेतलेली नर्स मोजक्या वेळा घरी येऊन व्यायाम शिकवते आणि हळूहळू वाढवते. बाकीचे दिवस माणूस स्वतः करतो. पाय मजबूत करणारे आणि तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, सुमारे अर्धा तास, आणि जमेल तसे चालणे. त्याने पडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले. मशीन एकही नाही. घोट्याला बांधायच्या वजनपट्ट्या तेवढ्या असतात, त्या आपण जुन्या कापडाच्या पिशवीत तांदूळ किंवा रेती भरून शिवू शकतो. अर्ध्या किलोपासून सुरुवात पुरे.

आता ती तोड. आमच्या आजींच्या बाबतीत असे ठरले की मोठ्या रुग्णालयात पहिली तपासणी पूर्ण करून घ्यायची. सुनेने एकच पूर्ण दिवस त्यासाठी काढला. फिजिओबाईंना तिने सरळ सांगितले, "मॅडम, तीनदा आणणं जमत नाही. तुम्ही शिकवा, आम्ही घरी करतो, तीन आठवड्यांनी दाखवायला आणते." बाई रागावल्या नाहीत. उलट प्रत्येक व्यायाम आजींकडून करून घेतला आणि सुनेला मोबाईलवर व्हिडिओ काढू दिला. कागदावरच्या चित्रापेक्षा हा व्हिडिओ कितीतरी उपयोगी पडतो, कारण त्यात आपलीच आजी दिसते आणि कुठे हात धरायचा तेही दिसते. आजींनी काय मागितले ते आधी ठरले होते. संडासला एकटीने जायचे आणि विहारात जायचे. फिजिओला असे नेमके काम सांगितले की ती त्याप्रमाणे व्यायाम देते. "बरं करा" एवढेच सांगितले तर तीही काय करणार?

घरी रोज करायचे ते साधे असते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून उठणे-बसणे, आधी हाताचा आधार घेऊन आणि नंतर न घेता. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची लादीवर सरकते, लोखंडी किंवा लाकडी घ्या. खुर्चीत बसून एकेक पाय गुडघ्यात सरळ करणे. ओट्याला धरून टाचा वर उचलणे. ओट्यालाच धरून पाय बाजूला नेणे. पाय जुळवून दहा सेकंद उभे राहणे. दहा वेळा सहज जमू लागले की वाढवायचे, नाहीतर ताकद तिथेच अडते. स्नायू थोडे ठणकले तर घाबरू नये. छातीत दुखले, दम लागून बोलता येईना, चक्कर आली तर लगेच थांबायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे.

चौथी जागा आपल्याकडे आहेच, पण तिला आपण जागा समजत नाही. विहार. सपाट फरशी, खुर्च्या, पंखा, जवळच्या जवळ. आमच्या महिला मंडळाने मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी चार ते साडेचार सहा-सात म्हाताऱ्यांना एकत्र बसवायला सुरुवात केली. एकटीने घरी करताना आठ दिवसांत कंटाळा येतो, चौघींत गप्पा होतात आणि एकीचे पाहून दुसरी करते. एक आजोबा फक्त चहासाठी येतात असे सगळे म्हणतात. येतात ना? दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. प्रत्येकाची आधी डॉक्टरांकडून तपासणी झालेली हवी आणि दर तीन-चार माणसांमागे एक धडधाकट माणूस लक्ष ठेवायला हवा. सगळ्यांना एकच व्यायाम एकाच मापाने देऊ नये. गावाकडच्या समाजमंदिरातही हे होऊ शकते. आशाताईंना किंवा वस्तीतल्या आरोग्य सेविकेला विचारा, त्या फिजिओची भेट घडवून आणू शकतात.

काही माणसांच्या बाबतीत मात्र ही तडजोड करू नये. नुकताच लकवा झालेला, खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झालेले, वर्षात दोन-तीनदा पडलेले, हातपाय थरथरून चाल अडखळणारे. यांना सुरुवातीचे दोन-तीन महिने तज्ज्ञाच्या हाताखालीच ठेवावे, मग खाडा पडला तरी चालेल. भावंडांनी आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत, नेहमी सुनेनेच का? आणि चालता-बोलता माणूस अचानक एका बाजूने लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर ते फिजिओचे काम नव्हे. १०८ ला फोन करून त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठायचे. मालीश करणाऱ्याकडे नेऊन वेळ घालवलेली उदाहरणे फार आहेत.

व्यायामाबरोबर पोटात काही गेले नाही तर ताकद भरणार कशातून? म्हाताऱ्या माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. पंचेचाळीस किलोच्या आजीला साधारण पन्नास ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम येतात. डाळ, चणे, शेंगदाणे, दूध, सुकट-बोंबील हे सगळे चालते. चहात बुडवलेल्या पावावर दिवस काढणाऱ्या आजी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून, आणि रक्तदाब असेल तर सुकट खळखळून धुऊन, मीठ काढून.

काठीबद्दल दोन शब्द. सरळ उभे राहून हात खाली सोडला की मनगटाची घडी जिथे येते, तिथे काठीची मूठ यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण उलटी धरतात. खालचे रबरी बूच झिजले की दहा-वीस रुपयांत बदला, झिजलेल्या बुचाची काठी ओल्या लादीवर माणसाला घेऊनच पडते.

पैशांचे थोडे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. पण ते भरती झाल्यावरचे. ओपीडीतल्या फिजिओथेरपीला ते कार्ड चालत नाही, रांगेत उभे राहून मग कळण्यापेक्षा आधीच माहीत असावे. काठी, वॉकर, व्हीलचेअर, चष्मा, श्रवणयंत्र यांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना अशा साधनांसाठी एकदा ३ हजार रुपये खात्यात मिळतात. त्यातून संडाससाठी कमोड खुर्ची घेतली तर रात्रीचे पडणे टळते. गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे असेल तर ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट. वृद्धांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७, फोन फुकट लागतो.

आमच्या आजी चार महिन्यांनी एकट्या संडासला जाऊ लागल्या, हातात काठी. शिडीवरून पोटमाळ्यावर चढणे काही जमले नाही, ते फिजिओबाईंनीच नको म्हटले. परवाच्या पौर्णिमेला विहारात आल्या तेव्हा खाली न बसता भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या. सतरंजी नीट झटकली नाही म्हणून पोरांना तिथूनच ओरडत होत्या.